वेटोळे आणि वर्तुळ : सर्पप्रतीकाच्या तौलनिक विचारातील एक अडचण

१

प्रतीकांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्याला एक मोह नेहमी होतो. दूरदूरच्या दोन संस्कृतींत एकसारखी आकृती आढळली, की तिच्या पाठीमागचा अर्थही एकच असला पाहिजे, असे त्याला वाटू लागते. सर्प आणि वर्तुळ या जोडीच्या बाबतीत हा मोह विशेष प्रबळ आहे. कारण साप हा मुळातच वळणारा प्राणी. तो वळला की त्याचे कडे होते, आणि कडे म्हटले की आदि-अंतरहित अशा पूर्णत्वाची कल्पना मनात उभी राहते. मग मिसरमधील सर्प, नॉर्स पुराणातील सर्प, विष्णूच्या शय्येचा शेष आणि योग्याच्या आधारचक्रातील कुंडलिनी हे सारे एकाच आदिबंधाचे आविष्कार ठरतात, आणि विवेचन संपते. विवेचन जेथे सुरू व्हावयाचे तेथेच ते संपते, ही यातील खरी अडचण आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू तौलनिक दृष्टीला विरोध करण्याचा नाही. तुलनेवाचून समीक्षा पंगू होते, हे मान्यच आहे. परंतु तुलना म्हणजे समीकरण नव्हे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीवर्णन जवळून वाचले, तर 'सर्प म्हणजे वर्तुळ, वर्तुळ म्हणजे पूर्णत्व' या सर्वमान्य सूत्राला तेथे निश्चित तडा जातो, असे मला दिसते. तो तडा लक्षात घेतला नाही, तर एका थोर मराठी ग्रंथाचा अर्थ परकी सूत्रात बसविण्यासाठी आपणच कापून टाकू. म्हणून हा प्रपंच.

२

प्रथम वर्तुळाची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडणे न्याय्य होईल. आपलेच पुच्छ मुखात धरलेल्या सर्पाची सर्वांत जुनी ज्ञात आकृती मिसरच्या तूतनखामेन राजाच्या थडग्यातील सुवर्णमंडित देव्हाऱ्यावर आढळते; तिचा काळ इसवी सनापूर्वी चौदावे शतक. पुढे ग्रीक भाषेतील किमयाविद्येच्या परंपरेत, क्लिओपात्रा या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका आलेखपत्रात, हाच सर्प 'सर्व काही एकच आहे' अशा आशयाचे शब्द आपल्या कड्यात घेऊन बसलेला दिसतो. उत्तरेकडील नॉर्स पुराणकथेत समुद्रातील महासर्प सगळ्या पृथ्वीला वेढून स्वतःची शेपटी चावीत पडलेला आहे. आइसलंडचा स्नॉरी स्टुर्लुसन याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात या कथा गद्यात संकलित केल्या; म्हणजे ज्ञानदेवांच्या अगोदर जेमतेम दोन पिढ्या. जग टिकून आहे तोवर तो वेढा मिटलेला असतो. जगाच्या अंतकाळी तो सर्प उसळून किनाऱ्यावर येतो. येथे वर्तुळ ही विश्वाची मर्यादा आहे आणि तेच त्याचे संरक्षणही आहे.

विसाव्या शतकात मानसशास्त्राने या आकृतीला नवे आयुष्य दिले. कार्ल युंग यांनी १९३२ साली झुरिच येथे कुंडलिनीयोगावर व्याख्याने दिली आणि चक्रमार्गाचा अर्थ व्यक्तिमत्त्वाच्या विकासक्रमाच्या अंगाने लावला. त्यांचे अनुयायी एरिख नॉयमान यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या जाणिवेच्या इतिहासावरील ग्रंथात शेपटी गिळणारा सर्प ही मानवी मनाची आद्य, अविभक्त अवस्था मानली. या वर्तुळातून 'मी' बाहेर पडतो आणि जाणिवेचा प्रवास सुरू होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

ही मांडणी मोठ्या योग्यतेची आहे, यात शंका नाही. पण तिच्या भारतीय आधाराकडे पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. युंग यांच्यापुढे कुंडलिनीचे जे शास्त्र होते, ते मुख्यतः जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर अ‍ॅव्हलन या नावाने १९१९ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथातून आलेले होते. आणि त्या ग्रंथाचा गाभा म्हणजे पूर्णानंदांचे 'षट्चक्रनिरूपण', १५७७ सालच्या एका संस्कृत ग्रंथाचा भाग. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला. त्या संस्कृत ग्रंथाच्या जवळजवळ तीनशे वर्षे आधी, लोकभाषेत, कुंडलिनीचे इतके तपशीलवार आणि इतके काव्यमय वर्णन झालेले असताना, जगाच्या चर्चेत त्याला स्थान मिळाले नाही. हा दोष युंग यांचा नाही. आपण ते वर्णन त्या चर्चेपुढे ठेवले नाही, हा आपला आहे.

३

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन, एकाग्रता, युक्ताहार यांचा उपदेश आहे. कुंडलिनीचे नावही तेथे नाही. ते ज्ञानदेवांनी आणले, आणि जाणूनबुजून आणले. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी जी परंपरा त्यांना लाभली, तिचे धन त्यांनी येथे श्रोत्यांपुढे उघडे केले.

या वर्णनाचा आरंभ सर्पिणीच्या एका पिलाने होतो. कुंकवाने न्हालेले, वळण घेऊन निजलेले, अगदी लहानसे पिलू. जगाला वेढणारा महासर्प येथे नाही. विश्वाची मर्यादा येथे नाही. जे भयावह म्हणून इतरत्र सांगितले जाते, त्याला ज्ञानदेव प्रथम वात्सल्याच्या दृष्टीने पाहतात. पाठोपाठ ते या निद्रिस्त शक्तीला विजेच्या वळ्याची, अग्निज्वाळांच्या घडीची, चोख सोन्याच्या गोटाची उपमा देतात. म्हणजे वळ्याची, कड्याची कल्पना त्यांना सुचली नव्हती असे नाही. परंतु ती कोणत्या अवस्थेसाठी योजिली आहे, हे पाहिले पाहिजे. ती निद्रेसाठी आहे. मुख खाली असलेल्या, आवळून पडलेल्या, अजून न जागलेल्या शक्तीचा आकार वेटोळ्याचा आहे. ती जागी झाली की वेटोळे सुटते आणि मुख वर होते. जागृतीच्या त्या क्षणासाठी जे दृष्टान्त येतात, त्यांत सूर्याचे आसन मोडण्याची आणि तेजाच्या बीजाला अंकुर फुटण्याची कल्पना आहे. आसन मोडणे आणि बीज फुटणे या दोन्ही क्रिया मिटलेल्या आकाराच्या भंगाच्या आहेत.

येथवर नॉयमान यांचे समर्थक म्हणतील, की हे तर आमच्याच मताला पोषक आहे; वर्तुळ ही आद्य निद्रा आणि तिचा भंग म्हणजे जाणिवेचा उदय. साम्य आहे, हे मी नाकारीत नाही. पण पुढची दिशा उलट आहे. त्या मांडणीत वर्तुळ भंगल्यावर 'मी' घडू लागतो. ज्ञानदेवांच्या वर्णनात वेटोळे सुटल्यावर 'मी' विरू लागतो. एकाच दारातून दोन माणसे बाहेर पडली, म्हणून ती एकाच गावाला निघाली असे होत नाही.

४

वेटोळ्याची संख्या हा या प्रश्नाचा कळीचा मुद्दा आहे. ज्ञानदेवांची कुंडलिनी औट वळणांची आहे, म्हणजे साडेतीन. सर्व योगग्रंथांचे या संख्येवर एकमत नाही. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या 'गोरक्षशतका'त ती आठ वेढ्यांची सांगितली आहे. षट्चक्रनिरूपणात मात्र साडेतीनच आहे. आपल्याच गुरुपरंपरेत आठाची गणना उपलब्ध असता ज्ञानदेव साडेतीन सांगतात, हे दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

पूर्ण वेढ्यांचे वेटोळे वरून पाहिले तर वर्तुळच दिसते, कारण त्याचा शेवट आरंभाच्या जागी येऊन टेकतो. साडेतीन वेढ्यांचे वेटोळे कधीही मिटत नाही. त्याचे पुच्छ आणि मुख समोरासमोरच्या बाजूंना राहतात. आपलेच पुच्छ मुखात धरणे या सर्पिणीला शक्यच नाही, कारण ते अर्ध्या वेढ्याने दूर आहे. हा अर्धा वेढा म्हणजे गणनेतील अपुरेपणा नव्हे. उठण्यासाठी राखलेली ती जागा आहे.

मराठी मनाला हा अर्धा फार ओळखीचा आहे. आपली शक्तिपीठे साडेतीन : कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही पूर्ण, वणीची सप्तशृंगी अर्धी. शुभ मुहूर्त साडेतीन. माणसाचा देह ज्याच्या त्याच्या हाताने साडेतीन हात. ओंकाराच्या तीन मात्रा आणि वरची अर्धमात्रा. खुद्द 'औट' हा शब्दच पाहावा. त्याचे मूळ संस्कृत 'अर्धचतुर्थ' यात आहे. अर्धचतुर्थ म्हणजे ज्यातील चौथा अर्धा आहे ते. म्हणजे या शब्दाची दृष्टी मागच्या तिनांकडे नसून पुढच्या चौथ्याकडे आहे. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांच्या पलीकडची अवस्था तीही 'तुरीय', म्हणजे चौथीच. या व्युत्पत्तीवरून ज्ञानदेवांच्या मनात हेच होते असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल; पण ज्या भाषेत त्यांनी लिहिले, तिच्या पोटात ही अपेक्षा भरलेली होती, इतके निःशंक म्हणता येईल.

५

माझ्या मताविरुद्ध सर्वांत प्रबळ पुरावा याच प्रकरणात आहे, आणि तो दडविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जागी झालेली कुंडलिनी भुकेली आहे. ती साधकाच्या देहातील मांस खाते, तळवे आणि नखेही सोडीत नाही, देहातील रस शोषून घेते. पृथ्वी आणि आप ही दोन तत्त्वे गिळल्यावरच तिची तृप्ती होते. पिंडाने पिंडाचा ग्रास करावा, हे नाथपंथाचे मर्म म्हणून ज्ञानदेव सांगतात, आणि त्या मर्मासाठी 'दंशु' असा शब्द योजतात. सर्पिणीच्या प्रकरणात तो शब्द यावा हा योगायोग असला तरी रम्य आहे. मग हे स्वभक्षण म्हणजेच पुच्छ गिळणारा सर्प नव्हे काय?

बाह्यतः तसे दिसते. परंतु त्या सर्पाचे भक्षण अखंड चालणारे आहे. तो जितका गिळतो तितकाच वाढतो. त्याचे कडे कधी लहान होत नाही की सुटत नाही. त्यातून काही निष्पन्न होत नाही, कारण काही निष्पन्न न होणे हाच त्याचा अर्थ आहे. ज्ञानदेवांच्या सर्पिणीचे भक्षण एकदाच होते, आणि त्यातून दुसरे काही उत्पन्न होते. तृप्त झालेली ती जे गरळ ओकते, त्यानेच अमृताप्रमाणे प्राण जगतो. भक्षिलेल्या देहाच्या जागी नवी कांती येते. अखेर तिचे 'कुंडलिनी' हे नावही गळून पडते. ती 'मारुत' होते. वाऱ्याच्या पुतळीने पांघरलेले सोनेरी वस्त्र फेडून बाजूला ठेवावे, तसे तिचे रूप सुटते. कात टाकणाऱ्या सापाची आठवण येथे कोणालाही होईल. परंतु साप कात टाकून पुन्हा सापच राहतो. येथे सर्पत्वच कातीसारखे टाकले जाते. शिवाशी मिळेपर्यंत तिचे शक्तिपण तेवढे उरते, असे ज्ञानदेव मुद्दाम नमूद करतात.

जे प्रतीक आपल्या मार्गावर स्वतःचे नाव आणि रूप टाकून देते, त्याला आदिबंधाच्या संग्रहात स्थिर आकृती म्हणून टाचून ठेवता येत नाही. ज्ञानदेवांच्या ठायी सर्प हा एकच अर्थ वाहणारा नाही, हे आणखी एका गोष्टीवरून दिसते. दोरीवर भासणाऱ्या सापाचा वेदान्ती दृष्टान्त त्यांनी ठिकठिकाणी वापरला आहे. एकाच ग्रंथात सर्प कधी निव्वळ भ्रम आहे, तर कधी सर्व सामर्थ्याचे मूळ आहे. शिवाय बाराव्या अध्यायात याच योगमार्गाचे कष्ट वर्णून भक्तिमार्गाची सुलभता ते सांगतात. चांगदेव वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन भेटीस आले आणि भावंडांनी बसली भिंत चालविली, ही आख्यायिका ऐतिहासिक नसेलही. पण ज्या समाजाने ती रचली, त्याला सर्पावरील सत्ता हे अध्यात्माचे शेवटचे टोक वाटत नव्हते, हे तीतून स्पष्ट होते.

६

ज्ञानेश्वरीबाहेर पाहिले तरी हा 'अर्धा' निरनिराळ्या रूपांनी भेटतो. विष्णूच्या शय्येचा नाग 'अनंत' आहे, तसाच तो 'शेष' आहे. शेष म्हणजे उरलेला. प्रलयात सर्व लीन झाल्यावर जे उरते, त्यावर विष्णू निजतो. वर्तुळात काही उरत नाही; शेष हे नावच उरण्याचे आहे. ईशोपनिषदाच्या आरंभी येणाऱ्या पूर्णविषयक शांतिमंत्रातही पूर्णातून पूर्ण काढल्यावर पूर्ण 'उरते' असेच म्हटले आहे, आणि तेथील क्रियापद 'शेष' या शब्दाच्याच धातूचे आहे. आपल्याकडील पूर्णत्वाची कल्पनासुद्धा मिटलेल्या कड्याची नसून कधी न संपणाऱ्या शिलकेची आहे, असा याचा अर्थ होतो. समुद्रमंथनातील वासुकी तर मंदराला वेढूनही मिटलेला नाही. त्याचे मुख एका पक्षाच्या हाती आणि पुच्छ दुसऱ्याच्या. ती दोन टोके एकत्र आली असती, तर मंथनच झाले नसते.

अनंतचतुर्दशीचे व्रत महाराष्ट्रात अनेक घराण्यांत चालत आले आहे. दर्भाचा शेष करून त्याची पूजा होते आणि चौदा गाठींचा दोरा दंडाला बांधतात. दोरा बांधला की त्याचे कडे होते, हे खरे; पण ते गाठींनी झालेले कडे आहे, आणि वर्ष संपताच ते सोडून नवे घ्यावयाचे असते. काळ येथे गोल आहे, तरी त्याच्यावर गाठी आहेत.

नागपंचमीच्या दिवशी स्त्रिया पाटावर किंवा भिंतीवर गंधाने नाग काढतात; त्या दिवशी चिरणे, तळणे, जमीन खणणे वर्ज्य. गावोगाव त्या वारुळाला जातात आणि फेर धरून गाणी म्हणतात. सर्प आणि वर्तुळ खरोखर एकत्र येतात ते येथे. मात्र वर्तुळ बायकांचे आहे, सर्पाचे नव्हे. फेराच्या मध्यभागी असते ते वारूळ : भूमीचे उघडे छिद्र. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या १९७८ सालच्या ग्रंथात वारूळ हे भूमातेच्या योनीचे रूप असल्याचे विस्ताराने दाखविले आहे, आणि गोमंतकातील सांतेरीची वारूळरूपातील उपासना त्याला बळकट आधार देते. म्हणजे लोकधर्मातील हे वर्तुळ एका द्वाराभोवती धरलेले आहे. त्याच्या मध्यातून जा-ये चालू आहे. वारीतील रिंगण आठवावे. घोडा धावतो, कडे पूर्ण होते, आणि लगेच लोक त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी ते कडे मोडतात. मोडले जाण्यासाठीच ते आखलेले असते. नंतर पालखी पुढे निघते, कारण पंढरपूर अजून दूर असते.

७

हा लेख लिहीत असताना मी चंदीगडच्या सेक्टर ३९ मध्ये आहे. या नगराची रचना सरळ रेषांची. आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब असा येथील सेक्टराचा सर्वसाधारण आयत. वेटोळ्याला येथे वाव नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु भोवतालच्या पंजाब-हरयाणाच्या खेड्यांतून गुग्गा पिराच्या मढ्या आहेत, आणि सर्पदंशापासून रक्षण करणारा देव म्हणून हिंदू आणि मुसलमान दोघेही त्याला मानत आले आहेत. त्याची नवमी उत्तरेच्या पंचांगाने भाद्रपद वद्यातील, म्हणजे आपल्या गणनेने श्रावण वद्यातील. नागपंचमीनंतर तीन आठवड्यांच्या आतच ती येते. लुधियाना जिल्ह्यातील छपारची प्रसिद्ध जत्रा तर अनंतचतुर्दशीला भरते.

गुग्ग्याच्या कथेत त्याचा जन्म गोरक्षनाथांच्या प्रसादाने होतो. ज्या गोरक्षांकडून ज्ञानदेवांची परंपरा आली, तेच गोरक्ष येथील सर्पदेवतेचे जन्मदाते आहेत. या ठिकाणी तुलना करण्यास आकृतीच्या साम्यापेक्षा पुष्कळ भक्कम आधार आहे, कारण दोन्ही टोकांना एकच संप्रदाय उभा आहे. आणि तरीही फळे भिन्न आहेत. उत्तरेत नाथाच्या कृपेने सर्पाचा स्वामी जन्मला. गोदातीरी नाथाच्या कृपेने सर्पिणी साधकाच्या देहातच शिरली आणि शेवटी नाव टाकून निघून गेली. एकाच गुरूच्या छायेत जर इतका भेद संभवतो, तर मिसरच्या देव्हाऱ्यावरील आणि नेवाशाच्या खांबाजवळील सर्प केवळ दोघेही वळलेले आहेत म्हणून एक मानणे कितपत सयुक्तिक आहे?

८

माझ्या विवेचनातून कोणी असा निष्कर्ष काढू नये, की पश्चिमेचा सर्प मिटलेला आणि आपला उघडा. दोन नागांची गुंफण कोरलेले नागशिल्प आपल्याकडे आहे, चक्र आहे, मंडल आहे. आणि दंडाला वेढा घालून वर चढणारा सर्प ग्रीकांच्या आरोग्यदेवतेच्या हातीही आहे. संस्कृतींची अशी वाटणी करणे म्हणजे एक समीकरण टाळून दुसरे स्वीकारणे होय. माझे म्हणणे मर्यादित आहे. प्रतीकाचा अर्थ आकृतीत नसतो. कोणत्या वाक्यात, कोणत्या क्षणी आणि कोणत्या संख्येने ती आकृती येते, यावर तो अवलंबून असतो. समीक्षकाचे काम आकृती ओळखून थांबण्याचे नाही. ते वेढे मोजण्याचे आहे.

आदिबंधात्मक समीक्षा मराठीत आली, तिने उपकारही केले. परंतु तिच्या साहाय्याने ज्ञानेश्वरी वाचताना आपण जर औटाचे चार केले, किंवा सोयीसाठी तीनच धरले, तर हाती एक सुबक वर्तुळ येईल आणि सर्पिणी मात्र निजलेलीच राहील. तो अर्धा वेढा जपणे हे आपल्या वाचनाचे पहिले कर्तव्य आहे, कारण ग्रंथ जागा होतो तो तेथूनच.